अनारशांचे तांदूळ आणि दाखल्याच्या दहा प्रती

११ जुलै २०२३, मंगळवार. पुढच्या मंगळवारी अधिक श्रावण लागणार होता आणि खानापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरी आईनं जावयाच्या वाणाची तयारी काढली होती. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग सावलीत सुकवून कुटायचे आणि पीठ गुळात मळून ठेवायचं. त्या सकाळी तांदूळ दुसऱ्या पाण्यात होते. तेहतीस अनारसे आणि एक तांब्याचं ताम्हण असं वाण ठरलं होतं. ताम्हण आणूनही झालं होतं.

पावणेबाराला कारखान्यातून फोन आला. हे बेळगावच्या उद्यमबागमधल्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होते, एकोणीस वर्षं. वय ४६. पहिल्या पाळीत छातीत दुखायला लागलं, सोबत्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मी अनगोळहून पोहोचले तेव्हा त्यांना आत घेतलं होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले.

ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलंय आणि हातात कागदांची पिशवी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला त्या वेळी पुढचं पाऊल सांगणारं कुणी हवं होतं. सगळे जण फक्त धीर धर म्हणत होते.

पहिली चूक दवाखान्यातच झाली. खिडकीवर नाव विचारलं आणि दिरांनी घरी हाक मारायचो ते नाव सांगितलं. त्यांचा दोष नव्हता, त्यांना भाऊ त्याच नावानं माहीत. पण तेच नाव दवाखान्याच्या कागदावर गेलं आणि तिथून महापालिकेत. म्हणून सांगते, कितीही आकांत चालू असला तरी त्या खिडकीवर तोंडी नाव सांगू नका, आधार कार्ड पुढं करा. घरातल्या जरा शांत माणसाकडे एवढं एकच काम सोपवा.

संध्याकाळी दारात गर्दी झाली. मुलगा तेव्हा नववीत, चौदा वर्षांचा. अग्नी त्यानं दिला. बायका मला आत घेऊन गेल्या आणि माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. मी पेपर वाचणारी बाई आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला ही रीत बंद करायचा ठराव केला होता आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं तसं परिपत्रक काढलं होतं, हे मला माहीत होतं. आम्ही सीमेच्या अलीकडे, परिपत्रक पलीकडचं. पण रीत दोन्हीकडे एकच. त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढं वर्षभर मला याचंच वाईट वाटत राहिलं. तुमच्या घरी असं काही नको असेल तर त्या बाईनं तेव्हा बोलावं अशी अपेक्षा ठेवू नका, तिच्याच्यानं होत नाही. तिच्या बहिणीनं, जावेनं, लेकीनं उंबऱ्यात उभं राहून बोलायला हवं.

तिसऱ्या दिवशी राख घेऊन खानापूरला मलप्रभेवर गेले. त्या वर्षी पाऊस लांबला होता, राकसकोप धरणाचं पाणी तळाला गेलं म्हणून शहरात पाण्याची ओरड चालली होती, आणि नदीही अजून चढली नव्हती. दिवसकार्य तेवीस जुलैला संपलं. तोवर घरात पंधरा-वीस माणसं होती. चुलीवर भाताचं मोठं पातेलं, रात्री अंथरुणाला अंथरूण. चौदाव्या दिवशी सगळे गेले. दुपारी चार वाजता भांडी घासून पालथी घातली आणि घरात मी, सासूबाई आणि दोन पोरं उरलो. रडणं खरं त्या दिवशी सुरू झालं. आता कुणाकडे असं काही घडलं की मी तिसऱ्या दिवशी जाऊन येतेच, पण चौदाव्या दिवशी डबा घेऊन परत जाते.

त्याच आठवड्यात कारखान्यातले दोघं जण ह्यांच्या लॉकरमधलं सामान घेऊन आले. टॉवेल, साबणाची डबी, रिकामा डबा, आणि माप घ्यायचं व्हर्निअर. डबा मी त्या दिवशी भरून दिलेला. तो त्यांनी धुऊन आणला होता. व्हर्निअर मुलानं उचललं आणि दप्तरात घातलं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते आणि ती फुकट होते. दवाखान्यात मृत्यू झाला तर दवाखानाच कळवतो, घरी झाला तर घरच्यांनी कळवायचं. ३० दिवस उलटले की परवानगी, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, म्हणून रेंगाळू नका. आमची नोंद वेळेत झाली होती. २७ जुलैला दाखला हातात आला. कन्नड आणि इंग्रजीत. मी मराठी शाळेत शिकले, कन्नड एक विषय म्हणून होतं. अक्षरं लावून वाचते पण सावकाश. मरण प्रमाणपत्र एवढं वाचलं आणि खाली ते घरचं नाव दिसलं. इथं सगळे कागद मराठीतही मिळावेत ही आम्हा सीमाभागातल्या लोकांची जुनी मागणी आहे. ती मागणी किती साध्या गरजेची आहे हे मला त्या बाकावर बसून कळलं. आपल्या माणसाच्या मरणाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू नये. शेजारच्या कन्नड अक्कांनी मात्र पुढचे सहा महिने माझा एकेक अर्ज वाचून दिला, भरून दिला, एकदाही कंटाळल्या नाहीत. हेही तितकंच खरं आहे.

नाव दुरुस्त करायला दोन माहितगार माणसांचं प्रतिज्ञापत्र, ह्यांचं आधार, शाळेचा दाखला आणि दवाखान्याचं पत्र लागलं. स्टॅम्प, टायपिंग, नोटरी मिळून साडेतीनशे रुपये गेले. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. महिनाभर लागला. त्या दिवसांत प्रत्येक ऑनलाइन केंद्राबाहेर बायकांच्या रांगा असायच्या, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी नुकतीच सुरू झाली होती. दोन हजार रुपये महिना मिळणार म्हणून सगळ्या जणी आनंदात बोलायच्या आणि मी त्याच रांगेत पदराखाली फाईल धरून उभी. बसचं तिकीट मात्र लागत नव्हतं. जूनपासून बायकांना सरकारी बस फुकट झाली होती. कंडक्टर शून्याचं तिकीट द्यायचा. सगळ्या चकरांची ती तिकिटं मी ठेवून दिली. का ते सांगता येणार नाही.

दुरुस्त दाखल्याच्या मी दहा प्रती घेतल्या. एवढ्या कशाला असं तिथल्या माणसानंही विचारलं. आठ लागल्या. झेरॉक्स सगळीकडे चालत नाही, आणि मूळ प्रत एका टेबलावर अडकली की बाकीची कामं थांबतात.

आता बँक. दहाव्या दिवशीच घरात कुणीतरी म्हणालं होतं, एटीएमचा पिन माहीत आहे ना, काढून घे की पैसे, नंतर अडकतील. मी काढले नाहीत. माणूस गेल्यावर त्याच्या कार्डानं पैसे काढणं चुकीचं आहे आणि उद्या दुसऱ्या वारसानं विचारलं तर उत्तर नसतं. तोवर माहेरहून घेतलेल्या वीस हजारांत घर चाललं. गेलेल्या माणसाचं सिम मात्र बंद करू नका. पीएफ, बँक, गॅस, सगळ्याचे ओटीपी त्याच नंबरवर येतात.

खातं लग्नाआधीचं होतं आणि नॉमिनी सासूबाई. हे मला बँकेतच कळलं. खरं सांगते, क्षणभर मला राग आला. ह्यांचा, त्यांचा, सगळ्यांचा. आमच्या दोघींत त्या दिवसांत काहीतरी विचित्र चाललं होतं. त्या रात्री उठून म्हणायच्या, माझा लेक गेला. मी कूस बदलायची आणि मनात म्हणायची, माझा नवरा गेला. कुणाचं जास्त गेलं याची मापं काढल्यासारखं. एकाच घरात, एकाच माणसासाठी, आणि एकमेकींसमोर रडत नव्हतो.

सोळा ऑगस्टला दोघी मिळून बँकेत गेलो. सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, आयुष्यात पहिल्यांदा बँकेच्या आत आल्या होत्या. तिथल्या बाईंनी नीट समजावलं. नॉमिनीच्या हातात पैसे देतात, पण मालकी वारसांची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात आई, बायको, मुलगा, मुलगी हे सगळे पहिल्या वर्गातले वारस, सगळ्यांना सारखा वाटा. म्हणजे आमच्यात चार. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सही कुठं करायची?" त्यांना सही मराठीत येते, चौथीपर्यंत शाळा झालीय. पहिलं अक्षर काढलं, मग लेकाचं नाव लिहायच्या ओळीवर आल्या आणि पेन थांबलं. "ह्याचं नाव मीच ठेवलं होतं की गं," एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघी त्या बाकावर बसून रडलो. मागं रांग होती. कुणी काही बोललं नाही. बाईंनी पाण्याचा ग्लास ठेवला आणि पुढच्या माणसाला दुसऱ्या टेबलावर पाठवलं. त्यानंतर सासूबाई प्रत्येक कामाला माझ्याबरोबर आल्या. काम असो नसो.

कागद पूर्ण दिल्यापासून पंधरा दिवसांत बँकेनं दावा निकालात काढायचा असतो. आमचे पैसे बाराव्या दिवशी सासूबाईंच्या खात्यात आले आणि तिथूनच त्यांनी मला स्लिप भरायला लावली. तिघांचे वाटे त्यांनी दिलेच, वर स्वतःचाही नातीच्या नावानं ठेवायला सांगितला.

पासबुक भरून घेतलं तेव्हा त्याच बाईंनी एका नोंदीवर बोट ठेवलं. मे महिन्यात ४३६ रुपये वजा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, दोन लाखांचा. हे आम्हाला कधी बोलले नव्हते. दावा त्याच शाखेत भरला, दाखल्याची एक प्रत तिथं गेली, दीड महिन्यानं पैसे आले. म्हणून तुमच्या माणसाचं पासबुक एकदा ओळ न् ओळ वाचा. वर्षातून एकदा ४३६ दिसले तर हा विमा. २० रुपये दिसले तर अपघाताचा, तो अपघातानं आलेल्या मृत्यूला किंवा अपंगत्वालाच लागू.

कारखान्यातून ग्रॅच्युइटी मिळते हे मला माहीत होतं, पण पाच वर्षांची अट मृत्यूच्या वेळी लागत नाही हे माहीत नव्हतं. आमच्या बाबतीत प्रश्न नव्हता, पण ज्यांचा माणूस दोन-तीन वर्षांच्याच नोकरीत गेलाय त्यांनी सोडू नये. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. आमच्या वेळी नॉमिनीसाठी फॉर्म जे होता, वारसासाठी के.

वंशवृक्षासाठी, म्हणजे घरातले वारस दाखवणाऱ्या कागदासाठी, नाडकचेरीत, इथल्या महसूल कार्यालयात, अर्ज केला. अर्ज, प्रतिज्ञापत्र, रेशन कार्ड, सगळ्यांची आधारं, दाखला. नंतर घरी चौकशीला माणूस आला, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या. कागदावर झाडासारखं आखतात: वर सासरे, सासूबाई, खाली ह्यांचं नाव आणि त्यापुढं मयत, त्याखाली आम्ही. धाकटीनं ते बघून विचारलं, पप्पांच्या नावापुढं काय लिहिलंय? ती नऊ वर्षांची. मी वाचून दाखवलं. तिनं बोटानं तो शब्द झाकला आणि म्हणाली, असं चांगलं दिसतंय.

त्या वर्षी गणपती बसवला नाही. गल्लीत एकोणीस सप्टेंबरपासून दहा दिवस स्पीकर चालू होते आणि आम्ही दार लोटून आत.

सगळ्यात जास्त वेळ पीएफला लागला. कारण तेच, नाव. पीएफमध्ये नुसतं नाव-आडनाव, आधारवर मध्ये वडिलांचं नाव, आणि दाखल्यावर कन्नडवरून इंग्रजीत आलेलं तिसरं स्पेलिंग. हे जिवंत असताना दहा मिनिटांत दुरुस्त होणारं काम, आता कारखान्याच्या सही-शिक्क्यानं जोड अर्ज द्यावा लागला. नॉमिनेशनही लग्नाआधीचं होतं, आणि पीएफच्या नियमात लग्नानंतर ते रद्द धरतात, नवं भरावं लागतं. ते भरलं नव्हतं, म्हणून वंशवृक्षाची प्रत लागली. मृत्यूसाठी एकत्रित अर्ज असतो, त्यात तीन गोष्टी येतात: साठलेली रक्कम, पेन्शन आणि विमा. हा विमा नोकरीत असताना मृत्यू झाला तरच मिळतो, जास्तीत जास्त सात लाख, आणि कामगाराच्या पगारातून त्याचा हप्ता कापत नाहीत. म्हणून कित्येकांना तो असतो हेच माहीत नसतं. पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, उशीर झाला तरी मागची रक्कम बुडत नाही. दोन मुलांना पंचवीस वर्षांपर्यंत वेगळी मिळते, प्रत्येकाला आईच्या पेन्शनच्या पाव हिश्श्याएवढी. त्यासाठी मुलांच्या नावाची खाती आधीच उघडून ठेवा. आमचं सगळं जानेवारी २०२४ मध्ये आलं.

तुम्ही माझं ऐकणार असाल तर आज रात्री घरच्यांचं पीएफचं नॉमिनेशन तेवढं बघा.

या सगळ्या धावपळीत मी ठीक आहे असं सगळ्यांना वाटत होतं, मलाही. फाईल हातात असली की मी ताठ चालायची. मग दिवाळी आली. पाडवा चौदा नोव्हेंबरला होता. पाडव्याला मी ह्यांना ओवाळायची आणि ते ताटात घडी केलेली नोट टाकायचे. त्या संध्याकाळी सव्वासहाला गल्लीत कुणाची तरी मोटरसायकल थांबली आणि मी गॅस बारीक करून दार उघडायला गेले. दारात पोहोचल्यावर आठवलं. त्यानंतर आठ-दहा दिवस झोप नाही, घास उतरत नाही, अंघोळीला उठवत नाही. छातीत दुखायचं, नेमकं डावीकडे, आणि वाटायचं की आपणही जाणार आणि पोरांचं काय.

एका रात्री दोन वाजता १४४१६ ला फोन लावला. टेली मानस ही सरकारी सेवा, फुकट, चोवीस तास. नंबर पेपरमधून कापून फ्रीजवर लावला होता. मराठीत बोलता येईल का विचारलं तर जोडून दिलं. पलीकडच्या मुलीनं उपदेश केला नाही. ह्यांचं नाव विचारलं आणि मग बोलताना ती त्यांचं नाव घेत राहिली. चार महिन्यांत सगळे लोक "ते" म्हणत होते, नाव कुणी घेत नव्हतं. पाऊण तास बोलले. तिनं सांगितलं, छातीत दुखतंय तर आधी डॉक्टरला दाखवा, मनाचं आहे असं गृहीत धरू नका.

ईसीजी काढला, ठीक होता. मग मनोविकारतज्ज्ञांकडे गेले, सासूबाई बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरांनी मला वेड लागलेलं नाही एवढं पहिल्यांदा सांगितलं. म्हणाले, मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या दोन अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलंय की दुःखातला माणूस झोक्यासारखा असतो. कधी गेलेल्या माणसाकडे, कधी समोरच्या कामाकडे. दोन्हीकडे जाणं हेच चालू राहणं. तुम्ही चार महिने फक्त कामाकडेच होता, आता दुसरीकडे आलात. मी विचारलं, किती दिवस? त्याला तारीख नसते म्हणाले. पण सहा महिने उलटून गेले, ओढ तितकीच तीव्र आहे आणि रोजचं जगणंच बंद पडलंय असं झालं, तर त्याला उपचार लागतात आणि उपचार आहेत. मला सहा आठवडे झोपेची गोळी लागली, नंतर बंद झाली. पाच वेळा गेले, प्रत्येक वेळी चारशे रुपये.

मुलाचं मात्र कळायला उशीर झाला. डोकं भादरलं होतं म्हणून तो महिनाभर टोपी घालून शाळेत जायचा, आणि ऑक्टोबरपासून जायचाच नाही. दप्तर घेऊन निघायचा आणि उद्यमबागेच्या रस्त्यावर पुलाच्या कठड्यावर बसायचा. कारखान्यातल्याच एका सोबत्यानं त्याला पाहिलं आणि मला सांगितलं. मी रागावले नाही, रागवायची ताकदच नव्हती. पुढच्या रविवारी त्या सोबत्यानं त्याला स्वतःच्या घरी नेलं आणि लेथवर बाप कसा उभा राहायचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक हाताला कशी कळायची, हे सांगितलं. दर रविवारी तो जायला लागला. आम्ही घरात त्याच्यासमोर ह्यांचं नाव टाळत होतो, त्याला नेमकं तेच हवं होतं. डिसेंबरात शाळा पुन्हा सुरू झाली.

मोटरसायकल माझ्या नावावर केली मार्चमध्ये, फॉर्म ३१ भरून. ते तीन महिन्यांत करायचं असतं, मी उशीर केला. ती विकायची की ठेवायची हे ठरत नव्हतं.

अधिक मास आल्यामुळे आमचं वर्ष तेरा महिन्यांचं झालं. २०२४ च्या जुलैच्या शेवटी आषाढ वद्य नवमीला वर्षश्राद्ध केलं. या वेळी मलप्रभा भरून वाहत होती. आई सकाळीच माहेरहून आली. तिनं वर्षभर अनारशांचा विषय काढला नव्हता. त्या दिवशी जेवणं झाल्यावर मीच विचारलं, त्या तांदळांचं काय केलंस? म्हणाली, फोन आला तेव्हा तसेच सोडून निघाले, चार दिवसांनी परत गेले तर आंबून गेले होते. परसात फणसाखाली ओतले. मग तिनं आणि सासूबाईंनी मिळून माझ्या हातात दोन-दोन काचेच्या बांगड्या भरल्या. हिरव्या नव्हेत, साध्या चॉकलेटी. सासूबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी गप्प बसले. माझ्या फोडल्या तेव्हाही कुणी बोललं नव्हतं." आणखी काही बोलल्या नाहीत.

ताम्हण आईच्या कपाटात आहे. दाखल्याच्या दोन प्रती फाईलमध्ये उरल्यात. ह्यांचं सिम एका साध्या फोनमध्ये घालून ठेवलंय आणि त्यावर मी अजून रिचार्ज मारते. कामं सगळी संपली, ओटीपी आता कसलाच येत नाही. मुलगा म्हणाला, बंद करू नकोस. मी करत नाही.